इरईचे ओरखडे, सह्याद्रीचा बेसॉल्ट: भारत दक्षिणेकडून आला हे कशावरून?

चंद्रपूर जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी इरई नावाचं गाव आहे. चंद्रपूर शहराजवळून वाहणारी इरई नदी वेगळी. हे गाव शहराच्या पश्चिम-नैऋत्येला साधारण १६ किलोमीटरवर आहे. इथल्या नदीपात्रात चुनखडकाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला आहे आणि त्यावर जवळजवळ समांतर ओरखडे आणि खोबणी आहेत. त्याच्यावर थेट बसलाय तो तालचेरचा (ओडिशातल्या तालचेरवरून नाव पडलेला) गोलाश्म, म्हणजे गोट्या-शिळांचा, थर. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ साली या जागेचं वर्णन प्रसिद्ध केलं. हे ओरखडे बर्फाचे आहेत. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो त्या चंद्रपुरात सुमारे २९-३० कोटी वर्षांपूर्वी बर्फाची जाड चादर खडक खरवडत पुढे सरकत होती.

भूखंड एकेकाळी जोडलेले होते हे सांगताना बहुतेकजण आधी ब्राझील आणि आफ्रिकेचे किनारे दाखवतात. ती जुळणी खरी आहे, पण नुसत्या जुळणीवर कोणी विसंबू नये. १९१२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी ही कल्पना जाहीरपणे मांडली तेव्हा बहुतेक भूवैज्ञानिक विसंबलेही नाहीत. या विषयातल्या प्रत्येक पुराव्याला एक पळवाट आहे. ती कोणती, आणि पुढच्या कुठल्या पुराव्याने ती बुजली, हे क्रमाने पाहिलं तरच गोष्ट खऱ्या अर्थाने पटते. त्यातले दोन भक्कम पुरावे महाराष्ट्रात आहेत, म्हणून सुरुवात इरईपासून.

आधी प्रश्न असा की हे काम बर्फाचंच कशावरून? नदीने आणलेल्या गोट्यांच्या थरात गोटे एकमेकांना टेकलेले असतात आणि आकारानुसार त्यांची थोडीफार निवड झालेली असते. तालचेर थरात मात्र सुपारीपासून मोठ्या शिळेपर्यंत सगळ्या आकाराचे दगड बारीक, हिरवट गाळात एकमेकांपासून सुटे रुतलेले दिसतात. त्यातले काही जवळपास कुठेही उघड्या नसलेल्या खडकांचे असतात. काहींच्या एक-दोन बाजू घासून सपाट झालेल्या असतात आणि त्या सपाट बाजूंवरही ओरखडे असतात. दरड किंवा चिखलाचा लोंढासुद्धा असा सरमिसळ थर टाकू शकतो, म्हणून तेवढ्यावर थांबू नये. वरच्या पातळ पापुद्र्यांच्या शेलमध्ये (बारीक चिखलाच्या खडकात) एकटादुकटा मोठा गोटा शोधावा. त्याच्या खालचे पापुद्रे दबलेले आणि वरचे त्याला वळसा घालून गेलेले असतील, तर तो गोटा शांत पाण्यात वरून पडलेला आहे. खोल, संथ पाण्यात असा दगड आणून टाकायला बहुधा तरंगता हिमखंडच लागतो.

ओरखड्यांच्या बाबतीत दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे प्रस्तरभंगावर (खडक तुटून सरकलेल्या पातळीवर) खडकाला खडक घासून पडलेल्या रेघांना हिमनदीचे ओरखडे समजणं. तशा रेघांवर बऱ्याचदा कॅल्साइटचे तंतू आणि बारीक पायऱ्या असतात, आणि ती पातळी खडकाच्या आत शिरत जाते. हिमनदीचे ओरखडे फक्त वरच्या पृष्ठभागावर असतात, त्यांची रुंदी कमीजास्त असते, आणि थोड्या कोनात एकमेकांना छेदणारे दोन-तीन संच सापडतात. दुसरी चूक म्हणजे नदीच्या पाण्याने आलेल्या झिलईला बर्फाची झिलई मानणं. वाळूने भरलेलं पाणी रांजणखळगे आणि वळणदार खोबणी करतं, सरळ रेघा ओढत नाही. शिवाय चुनखडक पावसाच्या पाण्यात विरघळतो, त्यामुळे फार वर्षं उघडा पडलेला भाग काहीच सांगत नाही. वरचा थर नुकताच निघून गेलाय तिथे, थराच्या कडेलगत पाहावं, आणि तेही सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरकं असताना. त्या पृष्ठभागावर हातोडा चालवू नये. असा पुरावा पुन्हा तयार होत नाही.

ओडिशातल्या तालचेरचा थर बर्फाचा असावा असं ब्लॅनफर्ड बंधू आणि विल्यम थिओबाल्ड यांनी १८५६ मध्येच म्हटलं होतं. पुढे साधारण त्याच काळातले असेच थर दक्षिण आफ्रिकेत (किंबर्लीजवळच्या नोइटगेडाख्टचा ओरखडलेला कातळ प्रसिद्ध आहे), दक्षिण ब्राझीलमध्ये, ऑस्ट्रेलियात आणि अंटार्क्टिकावरही सापडले. खरी गंमत बर्फाच्या दिशेत आहे. भारतात बर्फ साधारणपणे दक्षिणेकडून उत्तरेकडे, म्हणजे विषुववृत्ताच्या बाजूने ध्रुवाच्या बाजूला सरकलेला दिसतो. दक्षिण ब्राझील आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात तो आज जिथे समुद्र आहे तिथून जमिनीवर चढल्यासारखा दिसतो. हिमचादर समुद्रातून उगवत नाही. तिला बर्फ साठायला जमीन लागते.

इथली पळवाट अशी: भूखंड जागेवरच होते, सरकला तो ध्रुव. पण पृथ्वीचा गोल हातात घेऊन पाहा. भारत, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया तिन्ही थंड करायचे म्हणून दक्षिण ध्रुव हिंदी महासागराच्या मधोमध नेला, तर ब्राझील उष्ण पट्ट्यात जातो. ब्राझील थंड करायला जावं तर ऑस्ट्रेलिया निसटतो. भूखंड आजच्या जागी ठेवून सगळ्या खुणा झाकणारी ध्रुवाची एकही जागा मिळत नाही. भूखंड एकत्र आणले की मात्र सगळी बर्फाळ क्षेत्रं एका सलग प्रदेशात बसतात आणि बर्फाच्या दिशा आतून बाहेर पसरलेल्या दिसतात.

आता जीवाश्म. ग्लॉसॉप्टेरिस ही जिभेच्या आकाराची पानं असलेली, आता नामशेष झालेली वनस्पती. नागपूरजवळच्या कामठीच्या थरांत तिची पानं विपुल आहेत. स्टीफन हिस्लॉप यांनी नागपूर परिसरातून गोळा केलेल्या वनस्पती-जीवाश्मांचं वर्णन १८६१ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालं. ओळखायची खूण म्हणजे मधोमध स्पष्ट शीर आणि दोन्ही बाजूंना जाळीदार शिरा. शिरा जाळीदार पण मधली शीर नाही, तर ते बहुधा गंगामॉप्टेरिस. हीच वनस्पती दक्षिण अमेरिका, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात मिळते. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना मरण पावलेल्या कॅप्टन स्कॉट यांच्या तुकडीच्या सामानात सुमारे १६ किलो खडक होते, त्यातही ती निघाली.

यावर त्या काळचं उत्तर होतं बुडालेल्या भूपुलांचं: भूखंडांच्या मध्ये जमिनीचे पट्टे होते, ते नंतर समुद्रात गडप झाले. हे उत्तर जीवाश्मांनी खोडता येत नाही, त्याला वजनाचा हिशेब लागतो. भूखंडांच्या खडकाची सरासरी घनता (ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर) सुमारे २.७, सागरतळाच्या बेसॉल्टची सुमारे ३, आणि कवचाखालच्या जाड थराची, म्हणजे प्रावरणाची, ३.३. पाण्यावर तरंगणारा ओंडका जसा आपणहून तळाशी जात नाही, तसा हलका भूखंड सरळ खाली जाऊन चार-पाच किलोमीटर खोलीचा सागरतळ बनत नाही. गुरुत्वाची मोजणीही अटलांटिक किंवा हिंदी महासागराखाली असे सलग बुडालेले भूखंड दाखवत नाही. भूपूल नाहीत म्हटल्यावर राहतं ते भूखंडांनीच एकमेकांपासून दूर जाणं.

किनाऱ्यांच्या जुळणीबद्दल थोडक्यात. ती पाण्याच्या रेषेवर करू नये, कारण समुद्रपातळी बदलत राहते. भूखंडाची खरी कड उथळ मंचाच्या पलीकडच्या उतारावर असते. १९६५ मध्ये एडवर्ड बुलर्ड आणि सहकाऱ्यांनी सुमारे ९०० मीटर खोलीची रेषा घेऊन संगणकावर अटलांटिक मिटवला, तेव्हा फटी आणि आच्छादनं मिळून जुळणीतली चूक सरासरी १३० किलोमीटरच्या आसपास आली. नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशापाशी आच्छादन जास्त येतं, कारण तो गाळ खंड फुटल्यानंतर साचलेला आहे. तो वगळायलाच हवा. दोन वर्षांनी पॅट्रिक हर्ली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की घानातल्या अक्राजवळ २०० कोटी आणि ६० कोटी वर्षं वयाच्या खडकांमधली सीमा समुद्रात जाते, आणि जुळणीत ती ब्राझीलच्या साओ लुईसपाशी जिथे निघायला हवी तिथेच निघते. माझ्या मते हर्लींचं काम बुलर्डपेक्षा जास्त वजनाचं आहे. आकार योगायोगाने जुळू शकतो, आकारासोबत वयही जुळणं फार कठीण.

तरीही इथवरचे सगळे पुरावे एवढंच सांगतात की भूखंड जोडलेले होते. कोण किती सरकलं, हा आकडा त्यांत नाही. तो आकडा आपल्या काळ्या कातळाने दिला.

लाव्हा थंड होताना त्यातल्या टायटॅनोमॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाच्या कणांत त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा गोठते. हे एका ठरावीक तापमानाच्या खाली घडतं; शुद्ध मॅग्नेटाइटसाठी ही मर्यादा ५८० अंश सेल्सिअस आहे. चुंबकीय क्षेत्र जमिनीच्या पातळीशी जो कोन करतं ती नती. विषुववृत्तावर ती शून्य, ध्रुवावर ९० अंश. सूत्र सोपं आहे: नतीचा टॅन म्हणजे अक्षांशाच्या टॅनची दुप्पट. सह्याद्रीतल्या सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाहांची सरासरी नती ४८ अंशांच्या आसपास येते. ४८ चा टॅन १.११, त्याचा अर्धा ०.५५५, आणि तो टॅन असलेला कोन २९ अंश. आज १८ उत्तर अक्षांशावर असलेला हा कातळ २९ दक्षिणेवर थिजला होता.

केंब्रिजमध्ये एडवर्ड अर्विंग यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला दख्खनचे नमुने तपासून हीच दिशा दाखवली. १९५६ मध्ये लंडनच्या गटाने भारतातली मोजणी प्रसिद्ध केली, आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही या खडकांवर काम झालं. सूत्र दोन ओळींचं असलं तरी नमुना विश्वासार्ह मिळवणं हेच खरं काम आहे, म्हणून ते जरा तपशिलात सांगतो.

जागा निवडताना डोंगरमाथा टाळावा. घाटमाथ्यावर वीज पडलेली असते आणि तिच्या प्रचंड प्रवाहाने खडकातलं मूळ चुंबकत्व पुसून जातं. असे नमुने तीव्रतेने फार जोरदार पण दिशेने वाटेल तसे निघतात. रस्त्यासाठी कापलेली ताजी दरड किंवा खाण उत्तम. प्रवाहाचा मधला, घट्ट, न कुजलेला भाग घ्यावा. वरचा पोकळ्यांचा भाग नको. हिऱ्याच्या टोकाचं, पाण्याने गार ठेवलेलं पोर्टेबल ड्रिल वापरून २५ मिलिमीटर व्यासाचे गाभे (खडकाचे दंडगोल) काढतात, एका प्रवाहातून ६ ते ८, आणि तेही काही मीटर अंतराने पसरून, म्हणजे एखादा सुटलेला, कललेला दगड सगळा निकाल बिघडवत नाही. गाभा मोडून काढण्याआधी अॅल्युमिनियम किंवा पितळेची नळी त्यावर बसवून त्याचा कल आणि दिशा नोंदवतात. बेसॉल्ट स्वतःच चुंबकीय असल्यामुळे होकायंत्राची सुई काही अंशांनी सहज चुकते. म्हणून सूर्याच्या सावलीवरूनही दिशा घ्यावी आणि वेळ मिनिटापर्यंत लिहावी. पावसाळी ढगांत हे जमत नाही, त्यामुळे कोरड्या महिन्यांतच काम करणं शहाणपणाचं.

प्रयोगशाळेत गाभ्याचे २२ मिलिमीटर लांबीचे तुकडे करतात. त्यांत मूळ दिशेवर गेल्या लाखो वर्षांत आजच्या क्षेत्राचा एक थर चढलेला असतो. तो उतरवायला नमुना टप्प्याटप्प्याने तापवतात, १०० अंशांपासून ५८० पर्यंत, आणि प्रत्येक टप्प्यानंतर चुंबकीय क्षेत्र रोखलेल्या कक्षात थंड करून मोजतात. दुसरा मार्ग प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा उलटणाऱ्या, चुंबकीय क्षेत्राचा: ५, १०, १५, २० असं करत १०० मिलिटेस्लापर्यंत. वरचा थर बहुधा २००-२५० अंशांत किंवा १०-१५ मिलिटेस्लात निघून जातो. त्यानंतरचे बिंदू आलेखावर सरळ रेषेत शून्याकडे जायला हवेत. रेषा शून्याला चुकवून बाजूने गेली तर अजून काहीतरी शिल्लक आहे, असा नमुना वापरू नये. तापवताना कुजलेल्या भागातल्या मातीच्या खनिजांपासून नवं मॅग्नेटाइट तयार होऊ शकतं. म्हणून प्रत्येक टप्प्यावर चुंबकीय ग्रहणशीलता (खडक किती सहज चुंबकित होतो ते) मोजावी, ती अचानक वाढली की पुढची मोजणी बाद.

सगळ्यात मोठी चूक एका प्रवाहावरून अक्षांश काढण्याची. एक प्रवाह भूशास्त्रीय काळाच्या मानाने क्षणात थंड होतो, म्हणजे तो त्या क्षणाचं क्षेत्र टिपतो. आणि क्षणाचं क्षेत्र फसवं असतं. अलिबागला सूत्राने सुमारे ३४ अंश नती यायला हवी, प्रत्यक्षात आज ती बरीच कमी आहे. हजारो वर्षांच्या सरासरीतच क्षेत्र सूत्राप्रमाणे वागतं. त्यामुळे अनेक प्रवाह हवेत, प्रत्येकाला एकच मत, मग त्यात गाभे ६ असोत की १२. दोन प्रवाहांमध्ये लाल मातीचा थर असेल तर मध्ये वेळ गेला याची खात्री होते. त्या मातीचा वरच्या लाव्हाने भाजलेला भाग वरच्या प्रवाहाचीच दिशा दाखवत असेल, तर ती दिशा मूळची हेही कळतं. थर कललेले असतील तर ते गणिताने आडवे करून घ्यावे लागतात. घाटावर थर जवळजवळ आडवे आहेत, पण पनवेलच्या आसपास ते पश्चिमेला अनेक अंशांनी झुकले आहेत. ती दुरुस्ती विसरली तर अक्षांशाचं उत्तर सरळ चुकतं.

दख्खनच्या प्रवाहांत सुदैवाने पृथ्वीचं क्षेत्र उलटं झाल्याच्याही नोंदी आहेत. सुलट (आजच्यासारख्या क्षेत्रातल्या) आणि उलट प्रवाहांच्या सरासरी दिशा एकमेकींच्या बरोबर विरुद्ध येतात, आणि ही चुंबकत्व शुद्ध असल्याची उत्तम कसोटी आहे. सुलट प्रवाहांत दिशा वायव्येकडे, सुमारे ३३५ अंशांवर, आणि नती वर, आकाशाकडे. सुलट काळात नती वर म्हणजे दक्षिण गोलार्ध. कोणी म्हणेल की हे प्रवाह उलट्या काळातले मानले तर भारत उत्तर गोलार्धातच ठरेल. पण मग भारत जवळजवळ उलटा फिरलेला मानावा लागतो, आणि त्याला दुसरा कुठलाही आधार नाही. दक्षिण गोलार्ध धरला तर घड्याळाच्या उलट दिशेने २५ अंशांचं वळण पुरतं.

ध्रुव सरकल्याची पळवाटही इथे कायमची बंद होते. दख्खनच्या खडकांवरून काढलेला उत्तर ध्रुव अमेरिकेत व्हर्जिनियाच्या आसपास पडतो. युरोपातले त्याच काळाचे खडक तो आजच्या ध्रुवाच्या बऱ्याच जवळ दाखवतात. एकाच वेळी दोन उत्तर ध्रुव असू शकत नाहीत. भूखंडच सरकले.

खडकात गोठलेल्या या जुन्या चुंबकत्वाची, म्हणजे पुराचुंबकत्वाची, मर्यादा अशी की ते रेखांश सांगत नाही, कारण क्षेत्र अक्षाभोवती सगळीकडे सारखंच. ती उणीव सागरतळाने भरून काढली. अरबी समुद्राच्या नैऋत्येला कार्ल्सबर्ग कटक, म्हणजे सागरतळावरची लांबच लांब डोंगररांग, आहे. १९६२ मध्ये ‘ओवेन’ या ब्रिटिश जहाजाने तिथे केलेल्या चुंबकीय पाहणीवरून फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये मांडलं की कटकावर नवा तळ तयार होतो आणि दोन्ही बाजूंना सुलट-उलट चुंबकत्वाचे पट्टे सरकत जातात. पट्ट्याचं कटकापासूनचं अंतर भागिले त्याचं वय, म्हणजे एका बाजूचा वेग. मोजणीचा मार्ग कटकाला काटकोनात हवा आणि मधल्या आडव्या भंगांपासून लांब हवा, नाहीतर एकच पट्टा दोनदा मोजला जातो. सिंधूच्या गाळाने जुना तळ झाकला आहे खरा, पण चुंबकमापीला गाळ आड येत नाही. या पट्ट्यांवरून दिसतं की सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत भारत वर्षाला १५ सेंटीमीटरहून वेगाने उत्तरेला येत होता, आणि आशियाला भिडल्यावर वेग घसरला.

आजचा वेग थेट मोजता येतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं कायमस्वरूपी जीपीएस केंद्र वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर ईशान्येला सरकतं. फोनमधल्या जीपीएसची चूकच काही मीटर असते, त्यावर हे दिसणार नाही. त्याला कातळात पक्का रोवलेला खांब आणि रोजची नोंद लागते. पावसाळ्यात पाण्याच्या भाराने जमीन किंचित दबते आणि नंतर वर येते, म्हणून किमान अडीच वर्षांची नोंद असल्याशिवाय वेग काढू नये.

आता हिशेब पडताळून पाहू. २९ दक्षिण ते १८ उत्तर म्हणजे ४७ अंश. अंशाला १११ किलोमीटर धरून सुमारे ५,२०० किलोमीटर. दुसरीकडून: पहिली १.६ कोटी वर्षं १५ सेंटीमीटरने २,४०० किलोमीटर, नंतरची ५ कोटी वर्षं सरासरी ५ सेंटीमीटरने २,५००. एकूण ४,९००. गणित ढोबळ आहे, पण एक आकडा घाटातल्या दगडातून आला आणि दुसरा समुद्राच्या तळातून, आणि दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

एक जागा मात्र नीट बसत नाही. दख्खनचा लाव्हा ज्या तप्तबिंदूवर (खोलातून सतत उष्ण द्रव्य वर येणाऱ्या जागेवर) उसळला तो आज रीयुनियन बेटाखाली आहे असं मानतात. दख्खन ६.६ कोटी, मालदीवखालचा बेसॉल्ट सुमारे ५.७ कोटी, मॉरिशस सुमारे ८० लाख, आणि रीयुनियनचा ज्वालामुखी आजही जागा. लक्षद्वीपपासून दक्षिणेला जावं तशी वयं घटत जातात. पण रीयुनियन २१ दक्षिणेवर आहे आणि दख्खनचा कातळ २९ म्हणतो. हा ८ अंशांचा फरक मोजणीच्या चुकीपेक्षा मोठा आहे. त्याची दोन कारणं मांडली जातात: तप्तबिंदू स्वतःही हळूहळू सरकतात, आणि पृथ्वीचं सगळं प्रावरण भ्रमणाक्षाच्या संदर्भात थोडं वळलं. कुठल्या कारणाचा वाटा किती, हे ठरवायला मालदीव आणि चागोसखालच्या बेसॉल्टचे गाभे लागतात, कारण तप्तबिंदूचा अक्षांश काळाबरोबर कसा बदलत गेला याची मधली नोंद त्यांच्यातच आहे.